आरपार गेलेली लाट

दोघी बहिणींतली थोरली चहाचा कप घेऊन भूकंप वेधशाळेच्या पडद्यासमोर आली आणि प्यायचं विसरली. सरळ चाललेल्या रेघेला बारीक, पण स्वच्छ थरथर आली होती.

"सर, लवकर या! लाट आरपार आलीय!"

वेधशाळेचे प्रमुख चष्मा चाचपत धावत आले. थोरलीनं उमेदीची सगळी वर्षं पृथ्वीच्या गाभ्यावर घालवली होती. वर पातळ कवच, खाली जाड प्रावरण, मग वितळलेल्या लोखंडाचा बाह्य गाभा आणि अगदी मध्ये घट्ट, तापलेला अंतर्गाभा. तिथवर माणूस पोचत नाही. भूकंपाच्या लाटा तेवढ्या जातात. नेमकी मधोमध गेलेली लाट हवी, तर पृथ्वीच्या थेट पलीकडे मोठा धक्का बसावा लागतो. तो आज बसला होता.

"बाई, नशीब काढलंत!" सर म्हणाले.

थोड्या वेळानं धक्क्याचं ठिकाण पडद्यावर उमटलं. थोरलीनं हातातला कप खाली ठेवला आणि फोन काढला. त्या शहरात तिची धाकटी बहीण राहत होती. तिकडे राहायला जाताना हसत म्हणाली होती, "ताई, आता तुझ्या तळपायाला माझा तळपाय!"

फोन लागेना. थोरली लावतच राहिली. संध्याकाळी मेहुण्याचा आला. तो रात्रीची बस चालवायचा, रस्त्यावर होता म्हणून वाचला. धाकटीची हॉटेलच्या तळघरात, धुलाईच्या खोलीत रात्रपाळी होती.

"ताई, ती खालीच होती," एवढंच तो बोलला.

तिला बाहेर काढायला आठवडा लागला.

पुढे मेहुणा थोरलीकडे आला. जेवायला बसला आणि त्यानं ताट बाजूला सारलं. म्हणाला, "मला ती रेघ बघायचीय."

तिनं त्याला वेधशाळेत नेलं. त्यानं पडद्यावरच्या थरथरीवर बोट ठेवलं.

"लोक म्हणतात, लगेच धावली असती तर जिना चढून वर आली असती. तिला वेळ मिळाला होता का, ते यावरून सांगा."

थोरलीला खोटं बोलता आलं असतं. "नाही सांगता येत," ती म्हणाली. "ही लाट गाभ्यातून आलीय. वाटेत काय लागलं, ते ती सांगते. त्या तळघराचं यात काही नाही."

"पृथ्वीच्या पोटातलं सगळं कळतं तुम्हाला. आणि एवढं नाही?"

दुसऱ्याच दिवशी तो परत गेला.

"लेख लिहायला घ्या, नाहीतर दुसरं कुणी आधी छापेल," सर म्हणाले.

"मला नाही जमणार, सर."

शेवटी सरांनीच लिहिला आणि तिला तपासायला दिला. तिचं नाव पहिलं होतं. तिनं अंतर्गाभ्याच्या आकृतीतली एक चूक सुधारली, आपलं नाव खोडलं आणि कागद परत केले. सरांनी ते तसेच छापायला पाठवले.

लेखाचं फार कौतुक झालं. अभिनंदन करायला कुणी आलं की ती सरांच्या खोलीकडे बोट दाखवायची.

मेहुण्याला ती दर रविवारी फोन करायची. तो उचलायचा नाही. एकदा उचलला. "ताई," म्हणाला आणि थांबला. तिकडे नळ वाहत होता. दोघंही फोन कानाला लावून तशीच उभी राहिली. मग त्यानं हळूच ठेवून दिला.