भाचरं

कानतुट्या माझ्या बोटाला कडकडून चावला, तेव्हाच तो बरा झाल्याचं मला कळलं. आजारी होता तेव्हा तळहातावर चिंधीसारखा पडून असायचा.

प्रयोगशाळेतले उंदीर मी सांभाळतो. पिंजरे धुवायचे, भुसा बदलायचा, दाणापाणी बघायचं. माझं लग्न काही जमलं नाही, म्हणून ताई या उंदरांनाच माझी मुलं म्हणते. घरात पाऊल टाकलं की तिचा पहिला प्रश्न, माझी भाचरं कशी आहेत? तिचा आणि त्यांचा आजार एकच. तिच्या स्तनातली गाठ काढली, तरी रोग फुप्फुसात पसरला. कानतुट्याचंही तेच झालं होतं. फक्त त्याला नॅनो औषध मिळालं. डोळ्यांना दिसायचे नाहीत इतके बारीक कण रक्तातून फिरतात, पसरलेल्या गाठी हुडकतात आणि औषध नेमकं तिथेच सोडतात.

हे माणसांना कधी मिळणार, असं मी या औषधावर संशोधन करणाऱ्या मॅडमना विचारून ठेवलं होतं. उगाच गोड बोलून त्यांनी वेळ मारून नेली नाही. अजून काही वर्षं लागतील म्हणाल्या. ताईचे डॉक्टर आता वर्षांचं नावही काढत नव्हते.

आज मॅडमनी कानतुट्याला गॅसच्या पेटीत ठेवायला सांगितलं.

"बरा झालाय तो, मॅडम."

"ते आत बघितल्याशिवाय कसं म्हणायचं?"

त्यांचं बरोबरच होतं. हे काम माझंच, आजवर कितीदा तरी केलेलं. झाकण लावलं, कळ दाबली. तो मागच्या पायांवर उभा राहून काचेला नाक लावून माझं बोट हुंगू बघत होता, मग आडवा झाला. मला काहीच वाटलं नाही. काही वाटत कसं नाही, याचंच जरा वाटलं.

मॅडमनी फुप्फुसं तपासली आणि मला बोलावून दाखवली. एकही गाठ नव्हती. त्यांचे डोळे भरून आले होते. मी हात धुतले आणि रिकामा पिंजरा घासून उपडा घातला.

घरी ताई उशीला टेकून बसली होती. धाप लागली होती, तरी विचारलंच.

"कानतुट्या बरा झाला," मी म्हणालो.

"खरंच? मग आता काय करतो रे?"

"चावतो."

मी पट्टी बांधलेलं बोट पुढे केलं. तिने ते हातात घेतलं, गुणाचं पोर म्हणाली, आणि झोप लागेपर्यंत सोडलं नाही.