झाकलेली गाठ

धुलाईघरात सकाळपासून हॉटेलांच्या चादरींचा ढीग पडला होता. ओल्या कपड्यांची जड टोपली छातीशी कवटाळून वाळवणाच्या दोऱ्यांपर्यंत न्यायची, ही तिथल्या बायकांची रीत. टोपलीच्या काठाचे वळ प्रत्येकीच्या छातीवर असायचे आणि त्यावरून त्या एकमेकींची थट्टाही करायच्या. म्हणून तिथेच राबणाऱ्या थोरलीच्या हाताला डाव्या स्तनात गाठ लागली तेव्हा तिनेही टोपलीवरच खापर फोडलं. शिवाय गाठ दुखत नव्हती. दुखत नाही त्याला कोण भितं? या भाबड्या समजुतीने किती घरांचा घात केला, कोण जाणे.

तिने टोपली कमरेवर घ्यायला सुरुवात केली. वळ गेले, गाठ राहिली. वरची कातडी संत्र्याच्या सालीसारखी दिसू लागली, बोंड आत ओढलं गेलं, काखेतही एक गाठ लागू लागली. तेव्हा मात्र तिच्या पायाखालची वाळू सरकली. तिच्या पाठच्या बहिणीचं, धाकटीचं, असंच सुरू झालं होतं.

धाकटी काविळीने गेली, असं जगाला सांगितलं होतं. शेवटी तिचे डोळे पिवळे झाले होते, हे खरंच. पण स्तनातला कर्करोग यकृतात पसरला म्हणून ते पिवळे झाले, एवढं घरच्यांनी गिळून टाकलं. घरात लग्नाच्या मुली होत्या ना! बाईच्या छातीचा आजार कळला की मुलींना स्थळं येत नाहीत, म्हणून बाईने तो सोसावा आणि तोंड मिटून मरावं, असा त्या घराचा न्याय.

थोरलीने घाबरत नणंदेला गाठ दाखवली. नणंद काही दुष्ट नव्हती, भाचीवर, थोरलीच्या मुलीवर, तिचा जीव होता. तिच्यासाठी स्थळही तिनेच आणलं होतं.

“रविवारी पाहुणे येतायत. आधी लग्न उरकू दे, मग दाखवू डॉक्टरला,” ती म्हणाली. “झाकली मूठ सव्वा लाखाची.”

थोरलीच्या नवऱ्याने मान खाली घातली. बहिणीपुढे तो कधी बोलला नव्हता, आताही बोलला नाही.

रविवारी थोरली मुलीचे केस विंचरत असताना मुलीने सहज विचारलं, “आई, मावशीला नक्की काय झालं होतं गं?”

“कावीळ,” थोरली म्हणाली, आणि तिचा हात थांबला. जे बहिणीच्या अंगात होतं आणि आता तिच्या स्वतःच्या अंगात होतं, ते उद्या हिच्याही वाट्याला येऊ शकत होतं. आणि हिला ते ठाऊकच नसणार.

पाहुणे आले. मुलाची आई शाळेत शिकवायची, शांत आणि मोजकं बोलणारी. चहा झाल्यावर तिने राग मानू नका म्हणत विचारलं, घरात काही मोठा आजार आहे का? नणंदेने घाईघाईने सांगितलं, सगळे ठणठणीत आहेत.

थोरलीने हातातली कपबशी खाली ठेवली.

“माझी बहीण स्तनाच्या कर्करोगाने गेली,” ती म्हणाली. “माझ्याही छातीत गाठ आहे. उद्या मी दवाखान्यात जाणार आहे. माझ्या मुलीलाही हे आत्ताच कळतंय.”

पाहुणे उठले, कळवतो म्हणाले. नणंद ढसाढसा रडली, मुलीच्या संसारात माती कालवलीस म्हणाली. मुलगी मात्र आईला बिलगून बसली होती.

दुसऱ्या दिवशी ती आईबरोबर दवाखान्यात आली. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, टोपलीच्या माराने कर्करोग होत नाही. तो कुठल्याही बाईला होऊ शकतो, पण वय वाढलं की आणि आई-बहिणीला झाला असला की धोका वाढतो. मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचा एक्स-रे, करावी लागेल, गाठीत सुई घालून तुकडा तपासावा लागेल, त्यानंतरच नक्की सांगता येईल. लवकर यायला हवं होतं, हेही त्या बोलल्या. पण उपचार आहेत, म्हणाल्या.

मॅमोग्राफीच्या खोलीबाहेर बाकावर मुलाची आई एकटीच बसली होती. थोरलीला पाहून ती चपापली, मग सरकून तिने जागा केली.

“काल तुम्ही बोललात आणि मला रात्रभर झोप लागली नाही,” ती हळूच म्हणाली. “मलाही आहे. वर्ष होत आलं.”

“घरी ठाऊक आहे?”

तिने नकारार्थी मान हलवली. मुलाचं लग्न व्हायचं होतं ना.

थोरलीने तिचा हात हातात घेतला.

“आम्ही आमचं सांगितलं,” ती म्हणाली. “आता तुम्ही कळवा.”