पाचवीचा भंडारा

केराबाईची नात आठ दिवसांची होती आणि सोलापूरच्या एका दवाखान्यात निळ्या दिव्याखाली निजली होती. अंगावर लंगोटाखेरीज काही नव्हते. डोळ्यांवर काळी पट्टी बांधलेली. केराबाई काचेबाहेर उभी राहून तिच्या छातीकडे बघत होती. वर गेलेली छाती खाली येईपर्यंत तिला स्वतःचा श्वास सोडवत नव्हता.

पुष्कळ बाळांना जन्मल्यावर कावीळ होते आणि बहुतेकांची आपोआप जाते. पण वाढली तर आधी अंग पिवळे पडते, मग डोळे, मग बाळ दूध ओढेनासे होते. तेव्हा थांबून चालत नाही. डॉक्टरांनी हे सकाळीच तिला सांगितले होते. केराबाई थांबली होती.

हे वळसंगकडचे मेंढपाळ कुटुंब. पाचवीला सटवाई पुजून झाल्यावर केराबाईने बिरोबाचा भंडारा, देवापुढची हळद, बाळाच्या कपाळाला लावली, गालांना, छातीला, पोटाला चोळली. घरातले प्रत्येक पोर तिने असेच माखले होते. देवाने दिलेला रंग धुवायचा नाही, म्हणून तीन दिवस अंघोळही घातली नाही. ऋतुजा, तिची सून, लहानपणीच आईविना झालेली. म्हणून पहिले बाळंतपण सासरीच झाले. सातव्या दिवशी ती चाचरत म्हणाली होती, "आत्या, डोळं बी पिवळं दिसत्यात की."

भंडारा उडाला असेल डोळ्यांत, असे केराबाईने हसून सांगितले होते. ऋतुजाने ते मानले. आज पहाटे बाळ दूध ओढेना, तेव्हा दोघी त्याला घेऊन इथे आल्या.

आता डॉक्टर म्हणत होते की चार तास दिवा देऊ, मग रक्त तपासू. कावीळ उतरली नाही तर अंगातले रक्त बदलावे लागेल. त्याचीही हिंमत बांधावी तर पुढे आणखी एक गोष्ट होती. मेंदूला किंवा कानाला काही झाले आहे का, ते आज कोणालाच सांगता येणार नव्हते. काही महिन्यांनी तपासणीत कळेल.

दुपारी धनाजीचा फोन आला. केराबाईचा हा लेक मेंढरे घेऊन करमाळ्याकडे गेला होता. मेंढरे मेहुण्याच्या हवाली करून मिळेल त्या गाडीने तो निघाला होता. सगळे ऐकून झाल्यावर त्याने विचारले, "आई, भंडारा लावलास न्हवं? मग काय बी हुत न्हाय."

"व्हय," केराबाई म्हणाली आणि फोन ठेवला.

बाकावर बसलेल्या ऋतुजाने तोंड भिंतीकडे केले.

तासाभराने शिवलीला नावाची नर्स बाहेर आली. ऋतुजाला दूध काढायला पाठवून ती केराबाईला म्हणाली की आजी, थोडा वेळ तुम्ही आत या. कोपरापर्यंत हात धुवायला लावले. नखांच्या कडांना पिवळे राहिले होते. शिवलीलाने पुन्हा धुवायला सांगितले, मग पुन्हा. चौथ्या वेळी तिने स्वतःच ब्रश घेतला आणि एकेक नख घासून काढले. केराबाई शाळेतल्या पोरीसारखी हात पुढे धरून उभी राहिली.

आत बाळ रडत होते. आवाज बारीक, दमलेला. पट्टीखाली तोंड इकडून तिकडे हलत होते.

"तेवडी पट्टी तरी काढा की बाई. भ्यालीया ती."

"काढली तर दिव्यानं डोळे जातील, आजी."

"तिला कळतंय का, कुणी बांधलीया, कशापायी बांधलीया?"

"नाही कळत," शिवलीला म्हणाली. "हात तेवढा कळतो. पायाखाली धरा."

केराबाईने तळवा बाळाच्या पावलांखाली धरला. पावले जरा चाचपडली, मग तळव्याला टेकली. रडणे थांबले नाही, पण उतरले.

मग केराबाई मनातल्या मनात बिरोबाशी बोलू लागली. नेहमीची गाऱ्हाणी तिला तोंडपाठ होती. आज त्यातले एकही आठवेना. तुझ्याच नावानं लावलं आणि त्याखालीच दुखणं दडलं, असे ती म्हणाली. असं का केलंस, हे विचारायला तोंड नाही, कारण केलं मी. पुढचं मला काही दिसत नाही.

"हात काडू नगंस," एवढे मात्र तिच्या तोंडून मोठ्याने निघाले. शिवलीलाला वाटले आपल्यालाच सांगते आहे. ती म्हणाली, काढावाच लागेल आजी, रक्त घ्यायचंय.

हात काढताच पावले रिकाम्या जागी हलू लागली.

संध्याकाळी कळले की कावीळ थोडी उतरली आहे. फार नाही. धोका टळला असे डॉक्टर म्हणाले नाहीत. अजून चार तास दिवा, मग पुन्हा रक्त.

तेवढ्यात धनाजीचा फोन आला. या वेळी केराबाईने स्वतःहून सांगितले. "धनाजी, भंडारा लावला म्हून कावीळ दिसली न्हाय. ऋतुजानं सांगितलं हुतं. मी ऐकलं न्हाय."

 गाडीच्या आवाजात त्याने पोहोचतो म्हणून सांगितले.

ऋतुजा उठली. सासूपाशी जराशी थांबली. "आत्या, कुटं धरायचा हात?"

"पायाखाली. दाबू नगंस, नुसता धर."

ऋतुजा हात धुवायला आत गेली. केराबाई पुन्हा काचेपाशी आली. कमरेच्या पिशवीत भंडाऱ्याची पुडी होती. तिने ती उघडली नाही आणि टाकलीही नाही. तशीच मुठीत धरून ती आतल्या छातीकडे बघत राहिली, वर, खाली.