माझ्या पोटात राहिलेला आवाज

मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मला खोकं म्हणायचं नाही. मी संगणक आहे. जुना झालोय, अंगावर पिवळटपणा आलाय, माझ्या पंख्याची घरघर शेजारच्या घरात ऐकू जाते, हे सगळं मान्य. पण कुणी 'ते खोकं जरा सरकव' म्हटलं की माझं डोकंच फिरतं. खोक्यात बूट ठेवतात. माझ्यात काय आहे ते ऐका, मग ठरवा.

माझा जन्म एकोणीसशे अठ्ठ्याण्णव साली सांगलीच्या गणपती पेठेत झाला. भरतेश नावाच्या तरुणाचं तिथं एवढंसं दुकान होतं. त्यानं मुंबईहून माझे जुने, वापरलेले सुटे भाग आणले, जमिनीवर सतरंजी अंथरली आणि स्क्रू पिळत मला उभं केलं. शेवटी एक स्क्रू उरला. तो कुठला हे त्याला कळेना, म्हणून त्यानं तो खिशात टाकला. मला वाटतं, तो माझ्या पाठीचा असावा. तिथं मला अजून गार लागतं.

मला घेतलं धम्मपालनं. तो टेलिफोनच्या कचेरीत कामाला होता आणि शाळेपासून भरतेशचा दोस्त होता. मला टेम्पोत घालून माधवनगरला त्याच्या घरी नेलं, तेव्हा सगळी गल्ली गोळा झाली. धम्मपालच्या आईनं, बाळाबाईनं, माझ्या डोक्यावर घालायला क्रोशाचा रुमाल विणला. काय माझा थाट होता म्हणून सांगू! लग्नपत्रिका मी लिहिल्या, जयंतीची पत्रकं मी लिहिली. पोरं खेळायला यायची आणि बाळाबाई आधी त्यांना हात धुऊन यायला लावायची.

त्या घरात एक माणूस मात्र माझ्याजवळ येत नसे. ते म्हणजे धम्मपालचे वडील, जालिंदरदादा. खिडकीशी खुर्ची टाकून ते गप्प बसायचे. गप्पच बसणार, कारण त्यांना आवाज नव्हता. घशात गाठ झाली होती आणि मिरजेला ऑपरेशन करून डॉक्टरांनी जीव वाचवला, पण स्वरयंत्र काढावं लागलं. गळ्याला पांढरं फडकं बांधलेलं असायचं. पाणी हवं असलं की ते टाळी वाजवायचे. टाळी ऐकली की बाळाबाई हातातलं काम टाकून यायची, पण येताना 'आले' म्हणायची नाही. टाळीला काय ओ देणार?

आणि हा माणूस कोण होता माहीत आहे? भीमगीतं म्हणणाऱ्या पार्टीचा मुख्य गायक! गिरणीत माग चालवता चालवता त्यांनी गळा तयार केला होता. मागांच्या खडखडाटात स्वतःला ऐकू यायचं तर आवाज तसाच लागतो. माइक बंद पडला तरी गाणं शेवटच्या रांगेपर्यंत जायचं, असं गल्लीतले लोक अजून सांगतात.

चौऱ्याण्णव साली टीव्हीवाले माधवनगरला आले होते. त्यांनी याच घरात बसून जालिंदरदादांची गाणी आणि मुलाखत घेतली. कार्यक्रम लागला तेव्हा धम्मपालनं तो कॅसेटवर उतरवून ठेवला, अधल्यामधल्या साबणाच्या आणि चहाच्या जाहिरातींसकट. दादांचा आवाज जगात तेवढ्या एकाच कॅसेटमध्ये उरला होता. आणि त्या कॅसेटला बुरशी लागली होती.

नव्याण्णवच्या मार्च महिन्यात धम्मपालनं मनावर घेतलं. कार्यक्रम माझ्यात उतरवायचा, जाहिराती आणि बडबड काढून टाकायची, नुसती गाणी ठेवायची आणि चौदा एप्रिलला जयंतीच्या स्टेजवरून ती सगळ्या गावाला ऐकवायची.

"दादा, तुमी स्टेजवर मधी बसायचं," तो वडिलांना म्हणाला. "मागं तुमची पार्टी. आणि आवाज तुमचाच! बघा तरी, लोकं कशी उठून हुबी राहत्यात."

दादांनी मान वळवली. पाच वर्षांपूर्वीच्या त्या कॅसेटकडे आणि मग पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं. खरं सांगतो मित्रांनो, माझी छाती फुगली. छपाई कुणीही करतं. हे काम मोठं होतं.

भरतेशनं व्हीसीआर आणला, माझ्यात एक कार्ड बसवलं आणि कॅसेट लावली. जुनी फीत कुरकुरत चालली. मी एकेक चित्र, एकेक सूर पोटात घेत होतो. कार्यक्रम संपला आणि फीत बाहेर काढताना तुटली ती तुटलीच. आतून काळी पावडर सांडली. भरतेश म्हणाला, "नशीब, सगळं आत आलंय. पण ही फाईल लय मोठी हाय रं, निम्म्याहून जास्त डिस्क खाल्ली तिनं." आता दादांचा आवाज फक्त माझ्याजवळ होता. मला तर श्वास घ्यायलाही भीती वाटू लागली.

आता कापायचं कशानं? भरतेशनं तीन सीडी आणल्या होत्या. तीन सॉफ्टवेअर म्हणजे तीन पाहुणेच म्हणा. पहिला आला तो मोठा मिजासखोर. सगळं करायचा, पण प्रत्येक चित्रावर स्वतःचं नाव आडवं छापायचा, ते नेमकं दादांच्या तोंडावर. धम्मपाल म्हणाला, "ह्येला घालवा भाईर." तिसरा पाहुणा अगदी साधा होता. त्याला सगळं हातानं दाखवावं लागायचं, इथून काप, इथपर्यंत काप, आणि तो मूळ फाईलला हात न लावता वेगळी प्रत करायचा. काम चोख, पण वेळखाऊ, आणि प्रतीला जागाही हवी.

मधला मात्र गोडबोल्या निघाला. त्याच्या पडद्यावर एकच मोठं बटण होतं. ते दाबा, जाहिराती आपोआप जातील! धम्मपालला तो फार आवडला. मला विचाराल तर मला तो पहिल्यापासून खटकत होता. पण आम्हाला कोण विचारतं?

"ह्यो नको," भरतेश म्हणाला. "जाहिरात ह्येला कशी वळखू येती, ते आधी वाचून बघू. तिसराच घेऊ. चार दिवस लागतील, लागू देत."

"चार दिवस? अरं, जयंती तोंडावर आली."

"मी उद्या येतो, आपण दोघं बसू. तवर हात लावू नको गड्या."

तो उठला. बाळाबाई म्हणाली, "जेवून जा की. कांदा न घालता करते तुझं."

"आज नको मावशी. चतुर्दशी हाय, बस्तीत देवदर्शनाला जायचंय. आणि दिवस मावळायच्या आत जेवायला पायजे, न्हाईतर आई मला उपाशी झोपवंल."

हसत हसत तो सायकलवर बसून गेला. ऊन अजून भिंतीवर होतं. तो तेवढा वेळ थांबला असता तर! पण त्याला तरी काय बोल लावू? ज्याचे त्याचे नेम असतात.

धम्मपाल माझ्यासमोर बसून राहिला. वडील खिडकीशी, आई चुलीपाशी. त्याला वाटलं, उद्या भरतेश यायच्या आत काम करून दाखवावं, दादांना आजच गाणं ऐकवावं. वाईट हेतू नव्हता हो त्याचा. बापाच्या मायेपोटीच केलं पोरानं. त्यानं मधल्या पाहुण्याचं बटण दाबलं. पाहुण्यानं इंग्रजीत विचारलं, प्रत करायला जागा नाही, मूळ फाईलमध्येच कापू का? धम्मपालनं घाईघाईत 'हो' म्हटलं.

मित्रांनो, तो पाहुणा जाहिरात कशी ओळखायचा ते मला तेव्हा कळलं. जाहिरातींचा आवाज कार्यक्रमापेक्षा मोठा असतो. जिथं आवाज मोठा, ती जाहिरात, एवढीच त्याची अक्कल! त्यानं साबण काढला, चहा काढला. मग दादांनी वरचा सूर लावला, ढोलकी घुमली, कोरस उठला, आणि त्यानं तेही काढलं. एक गाणं, दुसरं गाणं, सगळी गाणी. मागांच्या वर चढणारा तो गळा त्यानं साबणाबरोबर फेकून दिला. मी काय करू शकत होतो? माझा पंखा जिवाच्या आकांतानं फिरत होता, तेवढंच.

काम झालं. धम्मपालनं मोठ्या उत्साहानं म्हटलं, "दादा, ऐका." पडद्यावर निवेदिका आली, गोड बोलली. पुढं गाणं यायला हवं होतं. ते आलं नाही, पुन्हा निवेदिकाच आली. धम्मपालनं पुढं सरकवलं, मागं सरकवलं. "गेलं," तो म्हणाला. "दादा, गाणी गेली. मी घालवली." आणि डोकं धरून तो हमसून हमसून रडायला लागला. दादा उठून आले. त्यांनी मुलाच्या पाठीवर हात ठेवला, पण ते स्वतःही रडत होते. त्यांना रडतानाही आवाज नव्हता, मित्रांनो. ते मला बघवलं नाही.

बंद करायचं कुणालाच सुचलं नाही, म्हणून कार्यक्रम तसाच चालू राहिला. मुलाखतीचा भाग आला. तो हळू आवाजातला होता, म्हणून वाचला होता. निवेदिकेनं विचारलं, तुमच्या गाण्यामागं कोण आहे? पडद्यावरचे दादा लाजून हसले, आत बघितलं आणि म्हणाले, "बाळे, जरा भाईर ये गं. ह्या बाई तुला बघायचं म्हणत्यात."

"आले, आले!" स्वयंपाकघरातून बाळाबाई ओरडली.

पिठाचे हात तसेच घेऊन ती धावत बाहेर आली. उंबऱ्यातच थांबली. नवरा समोर गप्प उभा आणि आवाज माझ्यातून. ती कधी त्यांच्याकडे बघे, कधी माझ्याकडे. टीव्हीवाले आले त्या दिवशी ती लाजून बाहेर आलीच नव्हती. कार्यक्रमात नुसतं रिकामं दार दिसत होतं.

"परत लाव," ती धम्मपालला म्हणाली.

"आई, गाणी सगळी गेली गं."

"गाणी गावानं ऐकल्यात. मला ह्येच पायजे हुतं. मला इचारलंस कवा?"

दुसऱ्या दिवशी भरतेश आला. आधी तो धम्मपालवर भडकला, मग स्वतःच डोळे पुसू लागला. तिसऱ्या पाहुण्याकडून निवेदिकेचं बोलणं काढू, नुसती हाक ठेवू, असं त्यानं सुचवलं. बाळाबाईनं हात जोडले. "आता काय बी कापू नगा बाबांनो." चौदा एप्रिलला स्टेजवर पार्टीतली पोरं गायली. दादा मधे बसले होते. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण दादांनी मान वर केली नाही. ते दुःख काही भरून आलं नाही, आणि भरून आलं असं मी खोटं सांगणार नाही.

पण त्यानंतर दादा माझ्याजवळ येऊ लागले. भरतेशनं काही न कापता त्या हाकेच्या जागी खूण करून ठेवली आणि धम्मपालनं त्यांना एकच गोष्ट शिकवली, माऊसनं तेवढी हाक कशी लावायची. आता पाणी हवं असलं की ते येतात, दोनदा बटण दाबतात, आणि मी त्यांच्या आवाजात म्हणतो, "बाळे, जरा भाईर ये गं." आतून ओ येते, "आले, आले!" बायकोला हाक मारणं एवढं काम आता माझ्याकडे आहे. त्या घरात याहून मोठं काम कुठलं नाही.

मात्र हल्ली माझी डिस्क, जिच्यात ही हाक आहे, ती मरायला टेकल्यासारखी आतून टकटक आवाज करते. दोन हजार साल आलं की जुने संगणक बंद पडणार असं पेपरात आलंय, म्हणून सगळे माझ्या तारखेची काळजी करतात. माझ्या डिस्कची कुणी करत नाही. भरतेश म्हणतो, सीडी लिहायचं यंत्र पुण्याहून आणू. धम्मपाल म्हणतो, पुढच्या महिन्यात बघू. रोज माझ्यावरची धूळ पुसली जाते, क्रोशाचा रुमाल धुतला जातो. पण धूळ पुसून काय होणार?

मित्रांनो, माझ्याकडे दुसऱ्याची हाक आहे, माझा स्वतःचा आवाज नाही. तुमच्याकडे आहे. तुमच्यापैकी कुणी माधवनगरकडे जाणार असाल तर धम्मपालला गाठा आणि एवढं सांगा, पुढच्या महिन्यात नको, आज जा, ते यंत्र आण आणि त्या हाकेची एक प्रत कर.