दरवर्षी स्वच्छ वाहणारा ओढा

मी एक जुना गमबूट आहे, आणि तोही डावा. उजवा माझा जुळा भाऊ. तो मुळातच अबोल, म्हणून आम्हा दोघांची कहाणी मीच सांगतो. मित्रांनो, गमबूट म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर गोठा नाहीतर गटार येत असेल. माझे आयुष्य मात्र एका गुंतवणूक कंपनीच्या कचेरीत गेले. तिथे गालिचा होता, गार हवा होती आणि चिखल औषधालाही नव्हता.

माझा जन्म रबराच्या कारखान्यात झाला. धातूच्या पायावर आधी सुती अस्तर चढवले, त्यावर काळ्या रबराचे तुकडे चिकटवले आणि भट्टीत भाजून मला पक्के केले. मग एका बाईने माझ्यात हवा भरून मला पाण्याच्या टाकीत बुडवले. एकही बुडबुडा आला नाही. "पास," ती म्हणाली आणि तिने मला भावाशी दोरीने बांधले. त्या एका शब्दाचा अभिमान मला पुढे फार वर्षे पुरला.

आमची कंपनी लोकांची पुंजी सांभाळायची. कुणी शिक्षिका, कुणी बसचालक, कुणी परिचारिका पगारातून थोडे थोडे बाजूला टाकत, आणि कंपनी ते पैसे निरनिराळ्या कारखान्यांत गुंतवी. तिच्या एका योजनेचे नाव होते 'जबाबदार गुंतवणूक योजना'. पाणी, हवा आणि कामगार यांची काळजी घेणाऱ्या कारखान्यांनाच तिच्यातले पैसे द्यायचे होते. पण नाव ठेवले की झाले, असे नव्हते. कंपनीने दरवर्षी जाहीर अहवाल द्यायचा, असा नियम होता. पैसे कुठे घातले, त्यातून कुणाचे भले झाले, कुणाचे नुकसान झाले आणि हे तुम्हाला कसे कळले, ते सगळे त्यात लिहायचे आणि खाली एका माणसाने सही करायची. त्या 'कसे कळले' पायीच तर आमची खरेदी झाली. जाऊन पाहायचे, तर पायात काहीतरी हवे.

अहवाल लिहिणाऱ्या गृहस्थांना सगळे अहवालकाका म्हणत. पहिल्या वर्षी ते आम्हाला घालून कापड रंगवण्याच्या एका कारखान्यावर गेले. कारखान्यामागे ओढा होता. काका थेट पाण्यात उतरले. पाणी इतके नितळ होते की त्यांना माझे टोक दिसत होते, आणि बोटभर मासे येऊन माझ्या रबराला तोंड लावून जात होते. मला फार गुदगुल्या झाल्या. काकांनी परत येऊन लिहिले, "कारखान्यामागील ओढा स्वच्छ वाहतो." ते वाक्य खरे होते. मी स्वतः त्यात उभा होतो.

मग आमचे कौतुक झाले. अहवालाच्या मुखपृष्ठासाठी छायाचित्रकार आला. त्याने आम्हाला घासूनपुसून कचेरीच्या हिरवळीवर उभे केले आणि आमच्यात एकेक फुलझाड ठेवले. पुढे मुखपृष्ठ दरवर्षी तेच राहिले, आणि आतले वाक्यही. काकांचे गुडघे दुखू लागले होते, प्रवास लांबचा होता, आणि कारखाना पत्राने सगळे ठीक असल्याचे कळवत होता. काका कानामात्रा न बदलता ते वाक्य उतरवून काढत. नकलेला अक्कल लागते म्हणतात, पण तिथे तीही लागली नाही. ओढा दरवर्षी गेल्या वर्षीइतकाच स्वच्छ वाहत राहिला, निदान कागदावर तरी.

आम्ही जिन्याखालच्या सामानाच्या खोलीत जाऊन पडलो. माझ्यात कुणी मोडकी छत्री खोचली, भावाला कुणी दाराला अडसर म्हणून लावले. खिडकीतून रोज ऊन यायचे. मित्रांनो, रबर वापरून झिजते, पण न वापरता तडकते. माझ्या घोट्यापाशी एक बारीक चीर पडली. ज्याला टाकीत पास केले होते, त्याला आता पाणी अडवता आले नसते. मला फार वाईट वाटले, पण बुटाला विचारतो कोण?

काका निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी एक तरुण बाई आली. नाव ठेवण्यात कचेरी पटाईत. दोन दिवसांत ती 'अहवालबाई' झाली. घर तिच्या एकटीच्या पगारावर चालत होते आणि तिची नोकरी अजून पक्की झाली नव्हती. ती पक्की करणे कचेरीच्या साहेबांच्या हातात होते. साहेबांनी तिच्यापुढे तयार अहवाल ठेवला आणि तेवढी सही करायला सांगितले. तिने तो वाचला, आणि ती सही न करता जिन्याखाली आली. माझ्यातली छत्री काढून तिने मला उलटे करून झटकले. आम्ही तिला मोठे होत होतो. तिने मोज्यांचे दोन जोड चढवले, आणि कितीतरी वर्षांनी माझ्यात एक पाय आला.

कारखान्यामागे पोचलो तर मला जागाच ओळखू येईना. तिथे सिमेंटचे मैदान होते आणि मालमोटारी ओळीने उभ्या होत्या. राखणदार खुर्चीत बसून शेंगा सोलत होता.

"काका, इथला ओढा कुठे आहे?" तिने विचारले.

"ओढा? तुम्ही त्याच्यावरच उभ्या आहात की."

"म्हणजे?"

"बुजवून टाकला. मला इथे नोकरीला लागून पाच वर्षं झाली, त्याच्या आधीच. खालून नळ घातलाय. तोंड तिकडे निघतं, रोपवाटिकेकडे. जा, पण जपून. चांगले बूट घातलेत, ते बरं केलंत."

राखणदाराने मला चांगला म्हटले, आणि मी चीर झाकता येते का ते बघू लागलो.

नळाच्या तोंडाशी निळ्या पाण्याचे डबके होते. पलीकडे एक बाई रोपांच्या पिशव्या उचलून उंचावर ठेवत होती. रोपवाटिका तिचीच होती. खालच्या दोन ओळी पार करपून गेल्या होत्या.

"आज निळा आहे," ती म्हणाली. "शाळेच्या गणवेशाचं काम आलेलं दिसतंय. परवा लाल होता."

"रोजच असं असतं?"

"नाही हो. कारखान्याला सुट्टी असली की आम्हालाही सुट्टी." ती हसली. "तुम्ही कुठल्या? लिहून नेणार आणि विसरणार, त्यातल्याच का?"

अहवालबाईने मोजे वर ओढले. ती डबक्यात उतरली. मित्रांनो, तेव्हा मी जीव तोडून चीर मिटून धरायचा प्रयत्न केला, पण पाणी मुरलेच. तिने बाहेर येऊन बूट काढला, तर वरचा मोजा निळा, आतला मोजा निळा आणि पाऊलही निळे. रोपवाटिकेवाली जवळ आली, तिने ते पाऊल पाहिले आणि आतून साबण आणून दिला. रंग निघाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अहवालबाई आम्हाला घालूनच साहेबांच्या खोलीत शिरली. माझ्या तळव्याच्या खाचांत ओला निळा चिखल होता. गालिच्यावर ठसे उठले.

"अगं, हे काय? पायातली वहाण पायातच बरी," साहेब वैतागून म्हणाले.

ही म्हण लोक टोचायला वापरतात, हे मला ठाऊक आहे. पण मी तरी दुसरे काय म्हणत होतो? मला पायातच राहायचे होते, जिन्याखाली नव्हे.

"साहेब, तिथे ओढा नाहीये," ती म्हणाली.

"नाहीये म्हणजे आटला?"

"बुजवलाय. त्यावर मालमोटारी उभ्या असतात. आपण मात्र दरवर्षी तो स्वच्छ वाहतो असं लिहितोय."

साहेबांना हसू आले, ते त्यांनी गिळले. माणूस वाईट नव्हता, पण उंटावरून शेळ्या हाकायची सवय झाली होती. ते म्हणाले, "बस खाली. हे बघ, 'कारखान्याने कळवल्यानुसार' एवढं पुढे जोड. मग खोटं आपलं नाही, त्यांचं."

"पण आता मला माहीत आहे ना."

"मग ते वाक्यच गाळ."

"आणि कुणी विचारलं, दरवर्षीचा ओढा यंदा गेला कुठे, तर?"

साहेबांनी पेपरवेट फिरवला. "लोक पैसे काढून घेतील. 'जबाबदार' हे नाव जाईल. तुझी नोकरी पक्की करायचा कागद माझ्याच टेबलावर आहे, हे विसरू नकोस."

तिने माझी टाच गालिच्यात घट्ट रोवली.

"साहेब, जबाबदार म्हणजे ज्याच्याकडे जबाब आहे तो. ती रोपवाटिकेवाली उद्या दारात आली, तर मी काय जबाब देऊ? सही माझी हवी असेल, तर वाक्य माझं राहील. दुसऱ्याची हवी असेल, तर त्याला आधी हे बूट घालून पाठवा."

दुसरे कुणी तयार झाले नाही. नियमाने अहवाल वेळेत जाणे भाग होते. तो गेला, आणि त्यात लिहिले होते, "ओढा बुजवला आहे. कारखान्याचे रंगाचे पाणी नळातून रोपवाटिकेत येते. मी स्वतः जाऊन पाहिले."

साहेब म्हणाले होते तसेच झाले. कचेरीच्या दारावर योजनेच्या नावाची पाटी होती, तिच्यावरून रंगाऱ्याने 'जबाबदार' शब्द खरवडून काढला. काही लोकांनी पैसे काढून घेतले. अहवालबाईची नोकरी पक्की झाली नाही, गेलीही नाही. तिचे टेबल जिन्याखाली आमच्या शेजारी आले आणि तिला टपाल लावायचे काम मिळाले. त्या दिवशी मला स्वतःचाच राग आला. मी फक्त पाणी आत घेतले होते, किंमत तिने दिली होती. ती मात्र रडत बसली नाही. दुपारच्या सुट्टीत ती मला सायकल दुरुस्तीच्या दुकानात घेऊन गेली.

"ताई, पंक्चर बुटाला होतं का?" दुकानदाराने विचारले.

"झालंय. काढून द्या," ती म्हणाली, आणि त्याने माझ्या घोट्यावर ट्यूबचे ठिगळ लावून दिले. ठिगळ मजबूत आहे. मला ते मिरवावेसे वाटते.

अहवालाचा एक परिणाम मात्र कुणालाच टाळता आला नाही. नुकसान लिहिले की त्यावर काय करणार, तेही नियमाने लिहावे लागते. आमची कंपनी त्या कारखान्यात भागीदार होती. तिने पाणी शुद्ध करायची टाकी बांधायला लावली, आणि वर्षभराने कारखान्याने टाकीचे सुंदर छायाचित्र पाठवले. अहवालाची वेळ पुन्हा आली. सही कोण करणार? कचेरीत जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवू लागला. शेवटी वरून साहेबांनाच सही करायचा हुकूम आला.

ते जिना उतरून आमच्या खोलीत आले. हातात नव्या गमबुटांचा जोड होता, किमतीची चिठ्ठीसुद्धा काढलेली नव्हती.

"फोटो चांगला आलाय," ते म्हणाले.

अहवालबाई पाकिटांवर तिकिटे लावत राहिली.

"पण पाणी कुठून पाहायचं, ते मला माहीत नाही. तू येशील?"

तिने हातातले पाकीट खाली ठेवले. "येते. पण सही तुमची."

त्या दिवशी पाणी निळे नव्हते. पिवळसर होते, आणि त्याला वास येत होता. साहेब काठावर थांबले. रोपवाटिकेवाली हातातली पिशवी धरून त्यांच्याकडे पाहत राहिली. अहवालबाई आम्हाला घेऊन सरळ डबक्यात उतरली. मग साहेबही उतरले. नवे बूट घोट्यापर्यंत बुडाले. परत फिरण्यापूर्वी त्यांनी तिथेच कागद मागितला आणि लिहिले, "पाणी अजून स्वच्छ नाही. मी स्वतः जाऊन पाहिले." खाली त्यांनी सही केली.

पाटीवर तो शब्द अजून परत आलेला नाही. अहवालबाईचे टेबल मात्र वर गेले आहे, आणि कारखान्याला सुट्टी नसेल अशा दिवशी आम्ही दोघे आणि साहेबांचे दोन नवे, असे चौघे बूट नळाच्या तोंडाशी जात असतो. पाणी नितळ होईपर्यंत जाणार आहोत.

मित्रांनो, माझे मागणे थोडे आहे. काम झाले की आम्हाला साध्या पाण्याने धुवा, सावलीत वाळवा, आमच्यात छत्र्या खोचू नका. आणि घरी, शाळेत, कचेरीत कुणी "सगळं ठीक आहे" असे लिहून खाली सही करत असेल, तर तो वयाने कितीही मोठा असो, त्याला नम्रपणे विचारा, "तुम्ही जाऊन पाहिलंत का?" तो गप्प बसला, तर त्याच्या पायांपाशी बूट नेऊन ठेवा.