माझ्या पोटात फक्त एक सेल

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. म्हणजे आजवर मी सगळ्यांना तसे भासवत आलो. खरे सांगायचे तर मी कॅमेऱ्याचे नुसते टरफल आहे. बाहेर काळी काच, आत एक सेल आणि लुकलुकणारा लाल दिवा. कारखान्यात माझ्यासारखी शेकडो टरफले एका दिवसात तयार झाली आणि खोक्यांवर 'अगदी खऱ्यासारखा' असे छापले गेले. मला दिसते सगळे. पाहिलेले दुसऱ्याला दाखवता मात्र येत नाही.

या चार मजली इमारतीमागे गाड्या लावायचे आवार आहे. तिथे एका महिन्यात तीन गाड्यांच्या काचा फुटल्या आणि आतल्या पिशव्या गेल्या. म्हणून जिन्याखाली रहिवाशांची बैठक भरली. मी तेव्हा इमारतीच्या सेक्रेटरींच्या पिशवीत होतो, खोक्यासकट. म्हणजे निर्णय आधीच झाला होता, चर्चा नंतर झाली.

तळमजल्यावरचे निवृत्त मास्तर म्हणाले, "कोपऱ्यातला दिवा दुरुस्त करा आणि झुडपं कापा. घरांतून आवार दिसायला लागलं की चोर बिचकतो." डॉक्टरीणबाईंना दिवसाही राखणदार हवा होता. एकाला पोलिसांच्या फेऱ्या हव्या होत्या. पण आवाज चढवण्यापलीकडे कुणी काही केले नाही. इतक्यात रोज सकाळी गाड्या पुसणारी मावशी बादली घेऊन जाताना थांबली.

"गाडीत पिशव्या ठेवू नका, ताई," ती म्हणाली. "काच पुसताना मला जे दिसतं, ते चोरालाही दिसतं."

सगळे हसले. फुकटचा सल्ला कुणाला गोड लागतो? सेक्रेटरी म्हणाले, "एवढी यातायात कशाला? कॅमेरा बसवू. मग कुणाची टाप आहे?" भराभर हात वर झाले. खोक्यात काय आहे हे सेक्रेटरींनी कुणालाच सांगितले नाही.

सुरुवातीचे दिवस माझ्या कौतुकाचे होते. मुले मला हात करायची. मोठी माणसे सेक्रेटरींची पाठ थोपटायची. काही महिने एकही काच फुटली नाही आणि मी फुशारून गेलो. हळूहळू लोक निर्धास्त झाले. सीटवर लॅपटॉप दिसू लागले, झुडपे माणसाच्या उंचीची झाली, दिव्याचे नावही कुणी काढेना. एकाच गाडीची सीट रोज रिकामी असायची, सेक्रेटरींच्या गाडीची. तिच्याकडे पाहिले की मला माझी लायकी कळायची.

माझी काच पुसायची ती फक्त मावशी. काठीला फडके बांधून ती जळमटे काढायची आणि म्हणायची, "नीट बघ रे बाबा. उद्या काही झालं तर पहिलं बोट माझ्याकडेच वळेल. तू आहेस म्हणून मला घोर नाही."

एका भर दुपारी इस्त्रीचा शर्ट घातलेला एक माणूस काखेत फाइल मारून आला. झुडपाआड उभा राहून त्याने डॉक्टरीणबाईंच्या गाडीची काच फोडली आणि बॅग उचलली. जाताना माझ्याकडे बघून तो हसला. माझ्यासारखी टरफले त्याने पुष्कळ पाहिली असणार. ज्याला फसवायला मला आणले होते तोच तेवढा फसला नाही.

संध्याकाळी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कॅमेऱ्यात बघा."

"बघितलं मी," सेक्रेटरी घुटमळले. "चेहरा स्पष्ट नाही. पण रोजच्या येण्याजाण्यातलंच माणूस वाटतंय."

त्यांना फक्त ती वेळ मारून न्यायची होती. पण कुणीतरी लगेच म्हणाले, "काच पुसताना मला दिसतं, असं तीच म्हणाली होती ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांनी मावशीला घेरले. ती घाबरली नाही. ओले फडके धरलेल्या हाताने तिने माझ्याकडे बोट केले. "दुपारी मी इथं नव्हतेच. त्यानं सगळं पाहिलंय. दाखवा. मी थांबते."

ती नळापाशी उभी राहून माझ्याकडे बघत राहिली. माझा दिवा लुकलुकत होता. मी फुटून खाली पडलो असतो तर बरे झाले असते, पण तेही माझ्या हातात नव्हते. शेवटी सेक्रेटरी म्हणाले, "पोलिसात देत नाही, हेच उपकार समज." तिने फडके बादलीच्या काठावर वाळत घातले आणि बादली तिथेच ठेवून ती निघून गेली. संध्याकाळपर्यंत शेजारच्या दोन्ही इमारतींतलेही तिचे काम सुटले. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, ते मी वरून पाहिले.

त्यानंतर आणखी दोन गाड्यांच्या काचा फुटल्या. मग माझा सेल संपला. दिवा का विझला ते बघायला मास्तर स्टुलावर चढले, माझे झाकण उघडले आणि तसेच उभे राहिले. त्यांनी सेक्रेटरींना बोलावले.

"यात काहीच नाही."

"हळू बोला, मास्तर. झाकली मूठ सव्वा लाखाची. लोकांना कळलं तर चोरांनाही कळेल."

"आणि ती बाई?"

"झालं गेलं उकरून आता काय मिळणार?"

मास्तरांनी चष्मा पुसला. मग त्यांनी स्वतःच्या हाताने माझे झाकण परत लावले. मित्रांनो, मला चोराचा राग येत नाही, सेक्रेटरींचाही फारसा नाही. मास्तरांचा येतो. दुसऱ्या दिवशी मला नवा सेल मिळाला.

जुन्या वस्तू शेवटी तुम्हाला सांगतात, आम्हाला जपा. मी तसे म्हणणार नाही. मला खाली काढा, सगळ्या इमारतीसमोर उघडा आणि मग मावशीचे घर शोधा. तिची बादली अजून नळापाशीच आहे. आणि कधी कुणावर बोट ठेवून कुणी म्हणाले की कॅमेऱ्यात दिसलंय, तर ती म्हणाली तेवढेच म्हणा. दाखवा. मी थांबते.