बॅटरी धरणारा

रविवारी मुलगा रिकामी खोकी घेऊन येणार होता. तोपर्यंत न्हाणीघरातला नळ आणि शॉवर गळायचे थांबले नाहीत, तर घराला कुलूप लावून मी त्याच्याकडे राहायला जायचं, असं ठरलं होतं. ठरवलं त्यानेच, मी नुसतं 'बघू' म्हणालो होतो.

त्याचं अगदीच चुकत नव्हतं. ही गेल्यापासून चार महिने नळाखाली बादली होती आणि शॉवरखाली टब. खालच्या बाईंच्या छताला ओल आली, तेव्हा त्यांनी मला न सांगता त्याला फोन केला. तो प्लंबर पाठवत होता, मी नको म्हटलं. या घरातल्या नळांना हिच्याशिवाय कुणाचा हात लागलेला नाही. त्यावर तो म्हणाला, "बाबा, सगळं आई करायची. तुम्ही नुसती बॅटरी धरायचात."

हे लागलं, कारण खरं होतं. एकतीस वर्षं मी बॅटरी धरली. पण धरताना डोळे काही मिटले नव्हते.

शुक्रवारी सकाळी मुख्य कॉक बंद करून नळ खोलला. वॉशर झिजून पार चपटा झाला होता. तो खिशात घालून दुकानात गेलो, तसाच नवा आणला आणि बसवला. नळ गप्प झाला.

शॉवर मात्र ऐकेना. भोकांत साचलेला क्षार हिच्या शिवणाच्या सुईने काढला. भिंतीतून येणारी दांडी काढली, तिच्या आट्यांवर पांढरी टेप गुंडाळली, पुन्हा आवळली. कॉक उघडला की सांध्यातून पाणी. खोलून बघावं तर टेपचा चोळामोळा. शनिवारी चार वेळा हेच झालं. टेप जास्त लावून पाहिली, पान्याला लोंबकळून पाहिलं. शेवटी हिच्यावरच चिडलो. करायचीस तसंच करतोय, मग अडतंय कुठे?

दमून हिच्या स्टुलावर बसलो. इतक्या वर्षांत त्यावर कधी बसलो नव्हतो. माझी जागा समोर, दारात. ही धरायची तशी दांडी धरली, आटे स्वतःकडे करून, आणि टेप हातात घेतली तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. हिचा हात घड्याळाच्या काट्यांसारखा फिरायचा. समोरून मला तो उलटा दिसायचा. मी तसाच उलटा फिरवत होतो, म्हणून दांडी आवळताना टेप सुटत होती.

काट्यांच्या दिशेने गुंडाळली. आवळली. कॉक उघडला. सांधा कोरडा.

रविवारी मुलगा आला. खोकी दारात ठेवून थेट न्हाणीघरात गेला. टब उचलून खाली पाहिलं, सांध्यावरून बोट फिरवलं, बोट निरखलं. मग कुठला प्लंबर बोलावला म्हणून विचारलं.

मी बॅटरी त्याच्या हातात दिली.

"स्वयंपाकघरातला नळ राहिलाय. चल."

तो सिंकपाशी गेला आणि मी हिच्यासमोर राहायचो तसा माझ्या समोर उभा राहिला.

"तिकडे नको," मी म्हणालो. "माझ्या बाजूला ये. समोरून सगळं उलटं दिसतं."

काम झाल्यावर खोकी रिकामीच त्याची त्यालाच परत खाली न्यावी लागली.